भाऊबंदकीची हद्द

१६३० सालच्या नोव्हेंबरात पीटर मंडी नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक इंग्रज नोकर सुरतेहून आग्र्याला निघाला. वाट व्यारा, नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत बऱ्हाणपूरला जाणारी. आज उधना जंक्शनवरून जळगावकडे सुटणारी गाडी साधारण त्याच अंगानं जाते. बारडोली, व्यारा, सोनगढ, मग अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात असलेलं नवापूर स्टेशन, पुढे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. सुरतेच्या उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या भागांत राहणारी खान्देशी माणसं लग्नकार्याला, दहाव्या-तेराव्याला, पेरणीला आणि दिवाळीला याच गाडीनं गावी जातात. मंडीला ही वाट वेगळी दिसली. रस्त्याच्या दोन्ही अंगाला प्रेतं पडलेली होती आणि दुर्गंधीतून नाक सुटत नव्हतं. वाटसरूंच्या घोड्याबैलांच्या शेणातून न पचलेले दाणे वेचणारी माणसं त्यानं पाहिली. नंदुरबारात तंबू ठोकायला मोकळी जागा मिळेना, कारण गावभर मेलेले लोक होते. हे सगळं त्यानं हिशेबनीसाच्या कोरडेपणानं लिहून ठेवलं आहे.

त्या वर्षी पाऊस पडला नव्हता हे खरं. पण धान्य मुळीच नव्हतं असं नाही. बऱ्हाणपूरला बादशहा शहाजहानची छावणी होती. खानजहान लोदीचा पाठलाग आणि निजामशाहीशी लढाई अशी दुहेरी मोहीम चालू होती. माळव्यात पिकलेलं धान्य बैलांच्या पाठीवरून छावणीकडे जात होतं. उपाशी गावं वाटेवर होती आणि बैल त्यांच्या समोरून जात होते. त्याच सुमारास बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत इथं बादशहानं लंगर उघडल्याचं, साराही माफ केल्याचं दरबारी बखरकार अभिमानानं सांगतात. तेही खोटं नसावं. एका हातानं धान्य नेणारं आणि दुसऱ्या हातानं खिचडी वाटणारं सरकार ही काही विसाव्या शतकाची कल्पना नव्हे.

गुजरातेत या दुष्काळाला ‘सत्याशियो’ म्हणतात, कारण तो संवत १६८७ मध्ये पडला. मराठी माणसाला तो वेगळ्या दारानं ठाऊक आहे. देहूच्या एका वाणसवदा आणि सावकारी करणाऱ्या घरात याच दुष्काळात कर्त्या माणसाची थोरली बायको अन्नाविना गेली, पाठोपाठ तिचा मुलगा गेला, गुरं मेली, दुकान बुडालं, पत गेली. त्या कर्त्या माणसाचं नाव तुकाराम. देहूपासून पुणं जवळ, आणि त्याच काळात आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव यानं पुणं जाळून बेचिराख केलं, गाढवाचा नांगर फिरवला अशी आठवण सांगितली जाते. म्हणजे देहूलाही नुसता अवर्षणाचा दुष्काळ नव्हता. तो फौजांच्या टापांखालचा दुष्काळ होता. मराठी वाचकानं तुकोबांचा संसार ‘दुष्काळानं’ मोडला असं शेकडो वेळा वाचलेलं असतं. त्या वाक्यात फौजा क्वचितच येतात.

यापुढची कथा सर्वांना माहीत आहे, पण तिच्यातला एक बारकावा निसटतो. घरात लोकांनी लिहून दिलेली कर्जखतं होती. परंपरा सांगते की तुकोबांनी ती इंद्रायणीत बुडवली. पण सगळी नव्हे. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला की तुम्ही साधू झालात, मला मुलंबाळं आहेत. तेव्हा खतांचे दोन वाटे झाले. कान्होबाचा वाटा कान्होबाला मिळाला आणि तुकोबांनी बुडवला तो फक्त आपला. बायको आणि मूल गेलेल्या माणसानं ‘हे असं का झालं’ याचं उत्तर आधी मिळवलं आणि मग खतं बुडवली, असं कथा सांगत नाही. देवानं दुष्काळ का धाडला, हा कुणाच्या पापाचा हिशेब, याचा निकाल लागायची वाट त्यांनी पाहिली नाही. आपलं येणं होतं, ते सोडलं.

धर्माकडून दुःखाच्या वेळी दोन गोष्टी मागितल्या जातात. एक, कारण सांग. दुसरी, काय करू ते सांग. पहिल्या मागणीवर जगभरच्या पंडितांनी ग्रंथ रचले. प्रारब्ध, संचित, ईश्वरी परीक्षा, आदिपाप, कयामतीच्या दिवशीचा न्याय, अशी उत्तरं तयार आहेत. दुसऱ्या मागणीचं उत्तर मात्र बहुधा तोट्याचं निघतं, म्हणून ते कमी ऐकू येतं. या दोन मागण्यांमधलं अंतर किती मोठं आहे हे आजच्या एका देशाकडे पाहिलं की कळतं.

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक. नावातच पत्ता आहे, तरी नकाशावर बोट ठेवायला भल्याभल्यांना वेळ लागतो. चाड, सुदान, दक्षिण सुदान, दोन्ही काँगो आणि कॅमेरून अशा सहा देशांनी वेढलेला, समुद्राचा किनारा नसलेला मुलूख. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून थोडं जास्त, आणि माणसं मात्र आजच्या एकट्या सुरत शहरातल्या अंदाजी लोकसंख्येपेक्षा कमी. जमीन सुपीक, जंगल घनदाट, पोटात हिरे, सोनं, युरेनियम. तरी मानव विकासाच्या जागतिक यादीत हा देश वर्षानुवर्षं तळाच्या चार-पाच नावांत असतो, आणि जवळजवळ निम्म्या लोकांना कुठल्या ना कुठल्या मदतीवाचून जगणं अवघड जातं.

फ्रेंचांच्या काळात हा मुलूख रबर आणि हस्तिदंतासाठी खासगी कंपन्यांना तोडून दिला होता. गावातल्या बायकापोरांना ओलीस ठेवून पुरुषांना रबर गोळा करायला धाडणं ही तिथली रीत होती. स्वातंत्र्याच्या चळवळीचा नेता बार्तेलमी बोगांदा हा मुळात कॅथलिक पाद्री. प्रत्येक माणूस माणूसच आहे, हे त्याचं सांगो भाषेतलं बोधवाक्य आजही देशाच्या राजमुद्रेवर आहे. तो १९५९ च्या मार्चमध्ये विमान अपघातात गेला आणि स्वातंत्र्य आलं १३ ऑगस्ट १९६० ला. पुढे बोकासा नावाच्या लष्करशहानं ४ डिसेंबर १९७७ ला स्वतःला सम्राट म्हणून अभिषेक करवून घेतला, हिऱ्यांचा मुकुट घालून. त्या समारंभावर त्या गरीब देशाच्या वार्षिक अंदाजपत्रकाचा मोठा हिस्सा उडाला. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना त्यानं हिरे भेट दिल्याचं १९७९ मध्ये बाहेर आलं आणि पॅरिसचं राजकारण हादरलं. हिरे गेले कुठून याची चर्चा तेव्हा कमी झाली आणि ते घेतले कुणी याची जास्त.

२४ मार्च २०१३ रोजी ‘सेलेका’ नावाच्या बंडखोर आघाडीनं राजधानी बांगी घेतली. त्यातले बहुतेक उत्तरेकडचे मुसलमान. लूट झाली, खून झाले, गावं जळाली. त्याला उत्तर म्हणून ‘अँटी-बालाका’ टोळ्या उभ्या राहिल्या. त्यांत बहुतेक ख्रिस्ती आणि स्थानिक देवांना मानणारे. ५ डिसेंबरला त्यांनी बांगीवर चाल केली आणि मग रस्त्यात माणसाचं नाव विचारून मारणं सुरू झालं. बांगीच्या विमानतळाच्या धावपट्टीला लागून एक लाखाच्या घरात लोक ताडपत्र्या टाकून राहिले. पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी आणि गुरांचा व्यापार करणारे मुसलमान ट्रकांत बसून चाड आणि कॅमेरूनकडे पळाले. त्यांच्याबरोबर बाजारही गेला, कारण मीठ, साबण, तेल गावात आणणारे तेच होते. ज्यांनी त्यांना हाकललं त्यांच्या चुलीवरही त्याचा परिणाम झाला.

समुद्र नसलेल्या देशात भुकेचा नकाशा रस्त्याचाच असतो. बांगीला लागणारं बहुतेक सामान कॅमेरूनच्या दुआला बंदरातून येतं, चौदाशेहून जास्त किलोमीटर रस्त्यानं. डिसेंबर २०२० च्या निवडणुकीच्या तोंडावर बंडखोरांच्या नव्या आघाडीनं हा रस्ता अडवला. शेकडो ट्रक सरहद्दीवर खोळंबले, बांगीत धान्याचे भाव चढले. फेब्रुवारी २०२१ मध्ये शांतिसेनेच्या पहाऱ्यात ट्रकांचा पहिला ताफा राजधानीत पोचला. मंडीच्या बैलांची आठवण इथं येणारच. धान्य असतं, वाटही असते, पण वाट कुणाच्या ताब्यात आहे यावर कोण जेवणार ते ठरतं.

अशा बातम्या उधन्यात पोचत नाहीत असं नाही. मोबाइल सगळ्यांकडे आहे. पण पांडेसऱ्यात बारा तासांची पाळी करून, कानात यंत्रमागाच्या संच्यांचा खडखडाट घेऊन घरी आलेल्या माणसाला कुणी हा विषय काढलाच, तर अहिराणीत मिळणारं उत्तर ठरलेलं आहे: ‘‘आपलंच भागत नई, तू आफ्रिकानं काय सांगस?’’ त्याच्या जोडीला आणखी एक उत्तर असतं, जरा धार्मिक वळणाचं. त्यांचं नशीब. ज्याचं त्याचं प्रारब्ध.

दोन्ही उत्तरं झटकून टाकण्यासारखी नाहीत. दुसरं आधी घेऊ. प्रारब्धाची कल्पना स्वतःच्या दुःखाला लावली तर ती माणसाला उभं धरते. उधन्याच्या चाळीत मीटरवर मजुरी घेणाऱ्या, साठीला आलेल्या कारागिरानं ‘माझ्या नशिबात होतं’ म्हणणं म्हणजे रडून न बसता पुढचा दिवस काढण्याची रीत आहे. तिच्याकडे शहाण्यांनी हसून पाहू नये. पण हीच कल्पना दुसऱ्याच्या दुःखाला चिकटवली की तिचा निवाडा होतो. बांगीच्या विमानतळाकडेला जन्मलेल्या पोराचं प्रारब्ध वाचायला आपल्याकडे साधन कुठलं? त्याच्या भुकेची जी कारणं हाताशी लागतात ती सगळी याच जन्मातली आहेत. अडवलेला रस्ता, लुटलेलं दुकान, जाळलेली कोठारं, खाणींवर ताबा ठेवणाऱ्या टोळ्या. ती समोर असताना मागच्या जन्मात डोकावणं म्हणजे छावणीकडे जाणाऱ्या बैलांकडे पाठ करून आभाळाकडे बघणं.

बांगीतही कारण सांगणारा धर्म तयार होताच. हे धर्मयुद्ध आहे, असं दोन्ही बाजूंचे बंदूकवाले सांगत होते, आणि परदेशी वार्ताहरांनाही ते सोयीचं होतं. सत्तेची वाटणी, उत्तर-दक्षिण वैर, गुरं चारायच्या वाटा, हिऱ्यांच्या खाणी हे सगळं समजावून सांगण्यापेक्षा ‘मुसलमान विरुद्ध ख्रिस्ती’ हे मथळ्यात बसतं. या व्याख्येला नकार देणारे तीन जण पुढे आले आणि तिघेही धर्मगुरूच होते. बांगीचे आर्चबिशप द्यूदोने न्झापालैंगा, इस्लामी परिषदेचे प्रमुख इमाम उमर कोबीन लायामा आणि प्रॉटेस्टंट चर्चांचे प्रमुख पास्टर निकोला गेरेकोयामे-ग्बांगू. तिघं मिळून गावोगाव हिंडले, दोन्हीकडच्या टोळ्यांशी बोलले, आणि ही लढाई देवाच्या नावावर खपवू नका असं जाहीर सांगत राहिले. डिसेंबर २०१३ मध्ये जिवावर बेतलं तेव्हा इमामांना कुटुंबासह आर्चबिशपांनी आपल्या घरी नेलं. ते तिथं काही महिने राहिले. ज्या शहरात नमाजाची टोपी दिसली की माणूस कापला जात होता, तिथं आर्चबिशपांच्या घरात रोज नमाज होत होता.

तिघांनी युद्ध थांबवलं असं कुणी म्हणू नये. युद्ध थांबलं नाही. २०१५ मध्ये तिघांना मिळून सर्जिओ व्हिएरा द मेलो पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला पोप फ्रान्सिस यांनी दयेच्या वर्षाचं पवित्र द्वार रोमच्याही आधी बांगीच्या कॅथीड्रलमध्ये उघडलं आणि दुसऱ्या दिवशी वेढल्या गेलेल्या मुसलमान वस्तीतल्या मशिदीत ते गेले. इमाम कोबीन २८ नोव्हेंबर २०२० ला वारले आणि महिना उलटायच्या आत दुआलाचा रस्ता अडला. तरी या तिघांनी जे केलं त्याला महत्त्व आहे. प्रत्येकाच्या पाठीशी खवळलेला समाज होता आणि त्या समाजाचं काहीतरी ‘येणं’ होतं. मेलेल्यांचा सूड, लुटलेल्या घराची भरपाई, अपमानाचा हिशेब. हे येणं वसूल करून देणारा पुढारी होणं त्यांना सोपं होतं. ते त्यांनी नाकारलं, आणि तेही आपापल्या वाट्यापुरतं. आर्चबिशपांनी मुसलमानांना क्षमा करायला सांगितलं नाही, ते त्यांनी आपल्या लोकांना सांगितलं. इमामांनीही तेच.

बॉसेम्प्टेले गावातल्या मिशन इस्पितळात टोगोहून आलेला बर्नार्ड किन्वी नावाचा तरुण पाद्री होता. कॅमिलियन पंथाचे हे लोक काळ्या झग्यावर छातीशी मोठा लाल क्रूस लावतात. आधी सेलेकाचे जखमी येत, त्यांना टाके घातले. मग अँटी-बालाकाचे जखमी येऊ लागले, त्यांनाही घातले. जानेवारी २०१४ मध्ये गावातल्या मुसलमानांची कत्तल सुरू झाली तेव्हा किन्वीनं दीडेक हजार जणांना इस्पितळाच्या आणि चर्चच्या आवारात आणून लपवलं. त्यांना मागायला आलेले लोक त्याच्याच धर्माचे होते, त्यातल्या काहींच्या जखमा त्यानंच शिवलेल्या. तो दारात उभा राहिला आणि त्यानं नाही म्हटलं.

मराठी वाचकाला सुरतेचीच एक जुनी गोष्ट इथं आठवावी. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांच्या फौजेनं सुरत लुटली, शहराचा मोठा भाग जळाला. फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो की महाराजांनी फादर अँब्रोझ या कापुचिन पाद्र्याच्या मठाला हात लावू दिला नाही, आणि डचांच्या एका मयत हिंदू दलालाचं घरही सोडलं, कारण तो हयातीत फार दानधर्म करणारा होता असं त्यांना समजलं होतं. आपल्याकडे ही गोष्ट महाराजांच्या थोरवीसाठी सांगतात आणि ते रास्तच आहे. पण दुसऱ्या बाजूनंही ती पाहण्यासारखी आहे. त्या मेलेल्या दलालाला आपण कुणाला देतोय, त्याचा उपयोग काय, हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. आणि सुरतेतल्या बाकीच्या घरांमध्येही काही सत्पुरुष असतीलच. त्यांची घरं जळाली. पुण्य केलं की घर वाचतं, असा नियम यातून काढता येत नाही.

आता पहिलं उत्तर. आपलंच भागत नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी उधना-लिंबायतच्या खान्देशी घरांत कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने, चौरंगावर स्थापना, रात्रभर गाणी, आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन. या सणाचा जीव रोटांत असतो. रोटासाठी धान्य घ्यायचं ते घरातल्या माणसांच्या हिशेबानं, माणशी मुठी मोजून. घरोघरी रीत जराशी वेगळी, पण मोजणं कुठेही सुटत नाही. आणि रोट खायचे ते भाऊबंदकीनं. बाहेरच्याला ते देत नाहीत. म्हणून तर नाशिकला गेलेला चुलता, पुण्यात कंपनीत लागलेला पुतण्या, गावी राहिलेली म्हातारी, सगळी एका घरी जमतात. कारखान्यात वर्षभर एक नग असलेला माणूस त्या दिवशी मूठभर गव्हानं मोजला जातो. त्याच्या नावाची मूठ पडली नाही तर तो रुसतो, आणि रुसायचा त्याला हक्क आहे.

हद्द आखल्याशिवाय आपुलकी टिकत नाही, असं यावरून कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. सगळ्या जगाची मूठ मोजायला बसलं तर एकही रोट भाजून होणार नाही. मात्र हद्द कुठं आखली जाते यात गंमत असते. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज धर्मोपदेशक १६८९ मध्ये सुरतेत होता. इथल्या वाण्यांनी चालवलेल्या जनावरांच्या इस्पितळाचं त्यानं वर्णन केलं आहे. म्हाताऱ्या गाई, लंगडे घोडे, कुत्री, शेळ्या यांची तिथं सोय होती. ढेकूण-पिसवांसाठीही वेगळी जागा होती, आणि त्यांना रक्त मिळावं म्हणून अधूनमधून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर झोपवत. ओव्हिंग्टनला परधर्माची खोड काढायची हौस असेल, तेवढी सूट देऊनही चित्र विसरता येत नाही. दयेची हद्द पिसवांपर्यंत गेली होती आणि खाटेवरचा माणूस तिच्या आत येता येता राहिला.

तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७१ च्या पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या हालांवरून एक निबंध लिहिला. तो १९७२ मध्ये छापून आला आणि आजही शिकवला जातो. समोरच्या तळ्यात मूल बुडत असेल तर कपडे खराब होतील म्हणून आपण थांबत नाही, मग हजारो मैलांवर मरणाऱ्या मुलासाठी वेगळा न्याय का, असा त्यांचा सवाल. अंतर हा नीतीचा मुद्दाच नव्हे. ते तर्काला बिनतोड वाटतं आणि पचायला जड जातं. त्याच १९७२ मध्ये महाराष्ट्र भीषण दुष्काळात होता. इथला विचार वेगळ्या अंगानं चालला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी सांगत होती की उपाशी माणसाला दया नको, काम मागायचा हक्क हवा. मे १९७३ च्या सुमारास जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती. पीक बुडालं पण १६३० झालं नाही. कारण रस्ते खुले होते, रेल्वे चालू होती, विरोधी पक्ष मोर्चे काढत होते, वर्तमानपत्रं छापत होती, आणि धान्याचे बैल आपल्याकडे वळवणारी फौज मध्ये नव्हती. खान्देशातल्या ज्या घरांना बहात्तर आठवतो, त्यातली कित्येक नंतर सुरतेच्या गाडीत बसली. पण ती चालत, जिवंत स्टेशनवर पोचली होती.

सिंगर देणाऱ्याच्या खिशाकडे बघतात, पागे घेणाऱ्याच्या हाताकडे. मध्य आफ्रिकेत दुसरी वाट सध्या बंद आहे, कारण हक्क मागायला सरकार दिसलं पाहिजे. म्हणून पहिल्या वाटेवरची, जागतिक अन्न कार्यक्रमासारख्या संस्थांची, दरवर्षी अर्धवट भरणाऱ्या झोळीची मदत तिथं चालू राहते. ती अपुरी आहे, आणि तिच्यावाचून लोक मरतील. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

‘आधी आपली माणसं’ हा युक्तिवाद मात्र एकदा तपासून झालेला आहे, आणि तोही सुरतेत. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, संचे थांबले. मजुरी मीटरवर, त्यामुळे काम बंद म्हणजे पैसा बंद. एप्रिलमध्येच लसकाणा भागात कारागीर रस्त्यावर उतरले. घरी जाऊ द्या किंवा जेवायला द्या, एवढीच मागणी. मेमध्ये श्रमिक गाड्या सुटू लागल्या तेव्हा तिकिटाच्या पैशांसाठी लोकांनी गावाहून पैसे मागवले, कुणी मोबाइल विकले. देवळं, गुरुद्वारे, तरुण मंडळं, महापालिका, सगळ्यांनी पाकिटं वाटली. त्या कष्टाला कमी लेखायचं कारण नाही. पण एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे ओडिया कारागीर हे मालकाच्या घरापासून चार-पाच किलोमीटरवर होते. मध्ये समुद्र नव्हता, युद्ध नव्हतं, भाषेचीही फारशी अडचण नव्हती. जवळ असणं पुरेसं असतं, तर एप्रिलमध्ये लसकाणा पेटलं नसतं. दूरच्यासाठी राखून ठेवलेली दया जवळच्याला मिळते, असा अनुभव सहसा येत नाही. बहुधा ती राखूनच राहते.

मग उधन्याच्या माणसाचं मध्य आफ्रिकेशी काही नातं आहे का? आहे, पण ते त्याच्या गल्लीतून जात नाही. ते शहराच्या दुसऱ्या धंद्यातून जातं. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊ सुरतेत आणि आसपास पैलू पाडून निघतात. मध्य आफ्रिकेतले हिरे खोल खाणीतले नसतात. नदीच्या गाळात, खड्ड्यांत, फावडं आणि चाळणी घेऊन हजारो माणसं ते शोधतात. मे २०१३ मध्ये किंबर्ली प्रक्रिया या कच्च्या हिऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र-व्यवस्थेनं या देशाच्या कच्च्या हिऱ्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळानं पुढच्या वर्षी अंदाज दिला की बंदीनंतरही सुमारे १,४०,००० कॅरट माल चोरवाटांनी बाहेर गेला. शेजारच्या देशाचा कागद लागला की खड्याचं गाव बदलतं. वराछा-कतारगामच्या कारखान्यात घंटीवर बसलेल्या रत्नकलाकाराच्या हातात रफ, म्हणजे कच्चा हिरा, येतो तो पुडीतून, आणि पुडीवर वजन असतं, माती नसते. त्याला जाब विचारणं अन्याय आहे. गेल्या काही वर्षांतल्या मंदीत त्याचेच पगार अर्ध्यावर आले, कित्येक कारखाने बंद पडले.

इथं तुकोबांचा वाटा पुन्हा उपयोगी पडतो. सगळ्यांची खतं बुडवायची सक्ती नाही, प्रश्न ज्याच्या हाती खत आहे त्याचा. हिऱ्याच्या धंद्यात सोडण्याजोगं येणं कुणाकडे आहे तर ते रफ विकत घेणाऱ्याकडे, आणि ते येणं म्हणजे न विचारण्याची सवलत. किंबर्लीची व्याख्या २००३ पासून एवढीच आहे की सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना पैसा पुरवणारा कच्चा हिरा तो वाईट. सरकारी सैनिकांनी किंवा भाडोत्री फौजांनी खाणीवर केलेला जुलूम त्यात बसत नाही, आणि पैलू पाडून झाले की प्रमाणपत्राची गरजच संपते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकावरची बंदी पूर्ण उठली. त्या देशाला कायदेशीर उत्पन्नाची गरज होती, म्हणून ते वाईट झालं असं सरसकट म्हणता येत नाही. व्याख्या मात्र आहे तिथंच राहिली. १७ डिसेंबर २०२३ ला उद्घाटन झालेला खजोदचा हिरे बाजार उधन्याहून फार लांब नाही. तिथल्या कार्यालयात बसून रफ घेताना, हा खडा कुठल्या नदीचा आणि तो काढणाऱ्याला काय मिळालं, असं विचारायला कुठलाही कायदा आड येत नाही. भाव थोडा चढतो, माल थोडा कमी मिळतो, आणि शेजारच्या गाळ्यातला व्यापारी तोच माल न विचारता उचलतो.